सोने संपले, माणसे उरली

आखातात सोन्याचा धूर निघतो, अशी आपल्या गावाकडची जुनी समजूत आहे. मिरकाबमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तो धूर कधी पाहिला नाही. सोने मात्र नेहमी पाहिले आहे. येथून चालत निघाले की मुबारकिया बाजार लागतो आणि त्याच्या अंगाला सोन्याच्या दुकानांच्या रांगा. सुट्टीवर जाण्यापूर्वीची शेवटची खरेदी पुष्कळदा तेथेच होते. बहिणीच्या लग्नासाठी दोन तोळे, आईसाठी कुड्या, अडीअडचणीला मोडता यावी म्हणून एखादी बांगडी. हे सोने कोणी खणले, किती खोलीवरून वर आणले आणि खाण बंद पडल्यावर त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या झगमगाटात सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो यावा असे आम्हांस वाटते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या कुटुंबांनी यंदाच्या सुट्टीतील दोन दिवस कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्रात घालवावेत, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

के.जी.एफ. ही तीन अक्षरे आपल्या मुलांनाही आता पाठ आहेत. २०१८ आणि २०२२ मध्ये आलेल्या कन्नड चित्रपटाच्या दोन भागांनी ती घरोघरी पोहोचवली. त्या चित्रपटात खाण आहे, गुलामांसारखी राबणारी हजारो माणसे आहेत आणि त्यांना सोडवायला आलेला एकच बलदंड नायक आहे. राबणाऱ्यांपाशी स्वतःची संघटना नाही, पुस्तक नाही, विचार नाही. चित्रपट कल्पित आहे आणि त्याने काय दाखवावे हे त्याने ठरवावे. परंतु त्याच्या मागोमाग आलेले पर्यटन खऱ्या गावात उतरते. तेथील राखाडी मातीच्या टेकड्यांवर चढून चित्रफिती घेतल्या जातात, पडक्या बंगल्यांपुढे छायाचित्रे काढली जातात आणि खाली मथळा दिला जातो, ‘भारतातील भुताचे शहर’. आमचा आक्षेप या मथळ्याला आहे.

कोलारची ही नगरी ओसाड नाही. २०११ च्या जनगणनेत तेथे दीड लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली आहे. भल्या पहाटे मारिकुप्पमहून बंगळुरूकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या असतात. खाणकामगारांची मुले, सुना, नातवंडे सुमारे शंभर किलोमीटरवरच्या त्या महानगरात कारखान्यांत, दुकानांत, कार्यालयांत, पहाऱ्यावर आणि सफाईच्या कामावर जातात व अंधार पडल्यावर परततात. दिवसा गावात फिरणाऱ्या पाहुण्याला रस्ते रिकामे दिसतात, याचे कारण एवढेच की गाव कामावर गेलेले असते. मग त्याला मृत कोण म्हणतो? ज्याच्या हिशेबी गाव म्हणजे गावातील सोने, तो. सोने संपले आणि साहेब गेले की त्याच्यापुरते गावही संपते. आपल्या पूर्वजांना हा हिशेब अनोळखी नव्हता. गाव म्हटले की वेशीच्या आतले घर मोजायचे आणि गावकुसाबाहेरचे सोडून द्यायचे, याच रीतीने ते पिढ्यानपिढ्या राहिले. असे मोजले न जाणे ज्यांनी भोगले, त्यांनी तरी दुसऱ्याच्या वस्तीला भुताचे गाव म्हणू नये.

या गावाचा इतिहास थोडक्यात असा. १८०२ च्या सुमारास जॉन वॉरेन नावाच्या, ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्याने या भागातील गावकरी मातीतून सोन्याचे कण काढतात, याची पाहणी केली. पुढे १८७० च्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने म्हैसूर संस्थानाकडून खाणकामाचा परवाना मिळवला आणि १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने कारभार हाती घेतला. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाम आणि नंदीदुर्ग या चार मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. १९०२ मध्ये कावेरी नदीवरील शिवनसमुद्रम येथे तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर लांब तारा ओढून येथे आणली गेली. भारतातील कित्येक मोठ्या शहरांच्या आधी ती येथे आली. साहेबांच्या बंगल्यांमुळे, क्लबमुळे आणि गोल्फच्या मैदानामुळे या जागेला ‘छोटे इंग्लंड’ म्हटले जाई. कामगार मात्र बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत आणि नंतर एकेका खोलीच्या रांगांत राहत. पर्यटकाच्या छायाचित्रात बंगले येतात. खोल्यांच्या रांगा येत नाहीत, कारण त्यांत अजून माणसे राहतात.

खाणीत उतरणाऱ्यांत फार मोठा वाटा आदिद्रविडांचा होता. उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ-तेलुगू मुलखातून ही अस्पृश्य मानली गेलेली माणसे आली. का आली, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गावात जमीनदाराची वेठ होती, पाणवठ्यावर बंदी होती आणि मजुरीत रोकड नव्हती. खाणीत जीव धोक्यात होता, परंतु आठवड्याच्या शेवटी हातात पैसे पडत आणि ते कोणापुढे वाकून मागावे लागत नसत. आपले आजे-पणजे याच ओढीने मुंबईच्या गिरण्यांत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, रेल्वेच्या कारखान्यांत आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेले. तेथेही जात पाठीशी लागलीच. सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी त्यावर बोट ठेवले होते. कोलारमध्ये सर्वांत खोल, सर्वांत उष्ण आणि सर्वांत धोक्याचे काम प्रामुख्याने दलितांच्या वाट्याला आले. तरीही गाव सोडणे ही मुक्तीची पहिली पायरी होती. ती चढताना दुसरीकडे कोणते जोखड मानेवर येते, हे मात्र पाहावे लागते.

ते जोखड कसले होते, हे सांगितले पाहिजे. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या काळी जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होत असे. तेथे खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाई. वरच्या दगडाच्या प्रचंड भाराने खडक एकाएकी फुटत आणि माणसे गाडली जात. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होत. सोन्याची चोरी होईल या भीतीपोटी वस्त्यांभोवती कुंपणे, पहारे आणि झडत्या होत्या. १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेण्याचा नियम आला तेव्हा हजारो कामगारांनी संप पुकारला. आम्ही चोर नाही, मग आमचे ठसे कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. विमानतळावर आणि परवान्याच्या कार्यालयात ठसे देताना आज आपल्याला काही वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. निरक्षर मानल्या गेलेल्या त्या माणसांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी त्यात माणसाचा अवमान ओळखला होता. स्वाभिमान कोणी शिकवावा लागत नाही. त्याला उभे राहायला जागा मात्र लागते.

ही जागा त्यांनी कशी तयार केली, हा या साऱ्या कथेचा गाभा आहे आणि आपण कोलारला का जावे याचे उत्तरही त्यातच आहे. पंडित अयोथी दास (१८४५–१९१४) हे तमिळ प्रदेशातील वैद्य आणि विद्वान. आपले लोक मुळात बौद्ध होते, बौद्ध असल्यामुळेच त्यांना बहिष्कृत केले गेले, असा सिद्धांत त्यांनी मांडला. १८९८ मध्ये त्यांनी सिलोनमध्ये जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ पासून ते एक साप्ताहिक काढू लागले. त्याचे नावच ‘एक पैशाचा तमिळन’ असे होते, पुढे ते नुसते ‘तमिळन’ झाले. या संघाच्या शाखा ज्या ठिकाणी सर्वांत घट्ट रुजल्या, त्यांत कोलारच्या खाणींच्या वस्त्या अग्रभागी होत्या. मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ्स येथील खाणकामगारांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच बुद्ध जयंती साजरी करायला सुरुवात केली, बौद्ध पद्धतीने विवाह आणि अंत्यविधी केले, शाळा व वाचनालये चालवली. अयोथी दासांच्या निधनानंतर ‘तमिळन’ची ज्योत विझू लागली तेव्हा जी. अप्पादुरैयार यांनी १९२० च्या दशकात ते नियतकालिक कोलारच्या भूमीतून पुन्हा चालवले. चॅम्पियन रीफ्स येथील सिद्धार्थ पुस्तकालयाने अयोथी दासांची पुस्तके छापून जपली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पृथ्वीच्या पोटात आठ तास काढून वर आलेला माणूस अंघोळ करून वाचनालयात जातो, स्वतःच्या पैशाने चालवलेले पत्र वाचतो, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्यापूर्वी अर्धे शतक हे घडत होते. महाराष्ट्रातील आपण बहुतेक जण भारतातील आधुनिक बौद्ध चळवळ १९५६ पासून मोजतो. त्या दिवसाची थोरवी वादातीत आहे. लाखो लोकांनी एकाच वेळी घेतलेली ती प्रतिज्ञा जगाच्या इतिहासात अपूर्व आहे. परंतु नदीचा संगम मोठा म्हणून तिचे वरचे प्रवाह पुसून टाकायचे नसतात. जी. अलॉयसियस यांनी या तमिळ बौद्ध चळवळीवर १९९८ मध्ये इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. तो आपल्या किती घरांत आहे, हे प्रत्येकाने आपल्या कपाटात पाहावे.

खुद्द बाबासाहेबांना हा प्रवाह ठाऊक होता. दक्षिण भारतीय बौद्ध चळवळीचे दुसरे आधारस्तंभ प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९०७ मध्ये निघाला होता. १९४८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आलेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात, अस्पृश्यतेचे मूळ बौद्ध धम्माच्या पराभवात आहे, असे जे प्रतिपादन त्यांनी केले त्याच्याशी अयोथी दासांच्या मांडणीचे जवळचे नाते आहे. १९५४ मध्ये बाबासाहेब कोलारला आले, तेव्हा त्यांच्यापुढे जमलेल्या कामगारांत बुद्धाचे नाव घेणारी ही दुसरी-तिसरी पिढी होती. पुढे या मतदारसंघाने सी. एम. आरुमुगम आणि एस. राजेंद्रन यांना रिपब्लिकन पक्षातर्फे विधानसभेत पाठवले. महाराष्ट्राबाहेर रिपब्लिकन विचार कोठे रुजला असे कोणी विचारले, तर कोलारचे नाव घ्यावे लागेल.

खाणकामगाराशी बाबासाहेबांचे नाते केवळ सभेपुरते नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींवर गेले आणि स्वतः खाणीत उतरले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात त्यांनी १९४३ मध्ये दुरुस्ती आणली. १९४४ मध्ये कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. कोलार संस्थानी मुलखात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे थेट लागू नव्हते, परंतु खाणीतील माणसाचे आयुष्य ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहून सोन्याच्या आणि चलनाच्या संबंधाची चिकित्सा करणारा हा अर्थतज्ज्ञ सोने जेथून येते त्या माणसालाही विसरला नाही. आपण दोन्ही विसरलो, तर त्यांच्या प्रतिमेला हार घालण्याला काय अर्थ उरतो?

नोव्हेंबर १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. येथे आखाताचा एक धागा येऊन मिळतो. त्या काळात भारतातील सोन्याचा भाव जगाच्या भावापेक्षा बराच चढा होता, त्यामुळे आखातातून चोरटे सोने भारतात जाई. कुवेतमध्ये तेव्हा भारतीय रुपयाच चालत असे. तस्करीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातापुरता वेगळा रुपया काढला आणि १९६१ मध्ये कुवेतचा दिनार आला. एकीकडे तस्कर चढ्या भावाने सोने विकत असताना दुसरीकडे कोलारचे सोने सरकार आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाने, म्हणजे बाजाराहून कितीतरी कमी दराने घेत होते. खाण तोट्यात होती, असे सांगताना भावातील हा फरक सहसा सांगितला जात नाही. अर्थात दगडातील सोने आटले होते, हेही खरे. सुरुवातीला एका टनामागे चाळीसहून अधिक ग्रॅम निघत, शेवटी तीन-चार ग्रॅमवर वेळ आली. सव्वाशे वर्षांच्या अवधीत सुमारे ८०० टन सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पाणी उपसणारे पंप थांबले आणि खोल विवरे पाण्याने भरून गेली. मागे उरले ते सोने काढून घेतलेल्या दगडाच्या भुकटीचे १३ ढिगारे. सुमारे ३ कोटी ३० लाख टन माती, तीत सायनाइडचे अवशेष. उन्हाळ्यात वारा सुटला की ही भुकटी घराघरांत शिरते. पर्यटक जिच्यावर चढून चित्रफिती घेतात ती टेकडी हीच.

गेल्या सुट्टीत आमच्यापैकी चार कुटुंबे तेथे जाऊन आली. बंगारपेट जंक्शनवरून फुटणारी छोटी रेल्वेशाखा कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन अशी स्थानके घेत मारिकुप्पमला संपते. विवरांवरचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत, त्यांवरची चाके स्थिर आहेत. आत जाण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मुलांना सर्वांत नवल वाटले ते एका वेगळ्याच गोष्टीचे. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश विद्यापीठांसह याच खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर वातावरणातून येणारे न्यूट्रिनो प्रथम टिपले. इतक्या खोलवर इतर किरणांचा गोंगाट पोहोचत नाही, म्हणून ती जागा निवडली होती. शास्त्रज्ञांची नावे शोधनिबंधांत आहेत. त्यांच्यासाठी ती जागा खणून देणाऱ्यांची नाहीत. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगावीत.

एका खोल्यांच्या रांगेपाशी एक वृद्ध गृहस्थ दाराशी बसले होते. आमच्या हातांतील कॅमेरे पाहून त्यांनी तोंड फिरवले. आमच्यातील एका वहिनींनी ‘जय भीम’ म्हटले. त्यांनी वळून पाहिले, ‘जय भीम’ म्हणाले आणि घरातून खुर्च्या मागवल्या. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांला तमिळ येत नव्हते. मोडक्या हिंदीत बोलणे झाले. न विचारता दारातून आत कॅमेरा लावणाऱ्या पाहुण्यांचा त्यांना राग होता. खाणीतील कामाविषयी ते फारसे बोलले नाहीत, खोकल्याची उबळ मधूनमधून येत होती. बराच वेळ बोलले ते घराच्या कागदांविषयी. ज्या खोलीत बाप राहिला, आपण राहिलो, मुले वाढली, ती खोली आपल्या नावावर असणे म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगितले.

हे वाक्य आम्ही कुवेतला परत आणले आहे. आपण ज्या खोल्यांत राहतो त्या आपल्या नाहीत. येथे कितीही वर्षे काढली तरी आपला मुक्काम अकाम्याच्या मुदतीएवढाच असतो. हा देश वाईट म्हणून हे आम्ही लिहीत नाही. या देशाने आपल्या कित्येक घरांवर स्लॅब चढवला, मुलांची शिक्षणे पार पाडली. परंतु एका खनिजावर उभी राहिलेली नगरी किती भराभर बदलते, हे खुद्द कुवेतच्या इतिहासात लिहिलेले आहे. तेलापूर्वी येथे मोत्यांवर संसार चालत. जपानी संवर्धित मोती आणि जगातील मंदी यांनी १९३० च्या दशकात तो धंदा बुडवला. कर्जात बुडालेले पाणबुडे रिकाम्या हातांनी उरले. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले, १९४६ मध्ये पहिले जहाज भरून गेले आणि सारे पालटले. मग २ ऑगस्ट १९९० ची सकाळ उजाडली. एका दिवसात पगार, बचत, दुकाने, सारेच अधांतरी झाले. सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. फैलका बेटावर सहलीला जाताना गोळ्यांनी चाळण झालेली जी घरे आपण पाहतो, ती त्याच वर्षाची खूण. आणि १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा माणूस कोठे निजतो हा प्रश्न कोलारच्या तट्ट्यांच्या झोपड्यांइतकाच आजचा आहे, हे पुन्हा कळले.

काही वाचक म्हणतील, वर्षातून एक महिना सुट्टी मिळते. तीत आई-वडील, दवाखाने, लग्ने, घराचे अर्धवट बांधकाम. त्यात ही उदास जागा कशाला? काही म्हणतील, हा तमिळांचा इतिहास आहे, आपल्याला चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड आहेच. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून आम्ही दोनच दिवस मागतो, तेही ज्यांना बंगळुरूमार्गे जाणे शक्य आहे त्यांच्यापाशी. दुसरा आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाही. बाबासाहेबांचा विचार भाषेच्या सीमेवर थांबत नाही. मिरकाबच्या बस स्थानकावर आपल्या शेजारी उभा असलेला तमिळ कामगार कदाचित याच वस्त्यांतून आलेला असेल. त्याला आपण ‘मद्रासी’ म्हणून ओळखतो आणि तो आपल्याला ‘बॉम्बेवाला’ म्हणून. दोघांच्या घरात एकच प्रतिमा असेल, हे दोघांनाही ठाऊक नसते. अलीकडे पा. रंजित यांच्या ‘तंगलान’ (२०२४) या तमिळ चित्रपटाने कोलारच्या सोन्याची, त्यासाठी राबलेल्या लोकांची आणि बुद्धाची सांगड पडद्यावर घातली. ती चर्चा आपल्या घरांपर्यंत आली पाहिजे.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. जाणाऱ्यांनी ढिगाऱ्यांवर चढू नये आणि मुलांना चढू देऊ नये. ती विषारी माती आहे आणि कोणाच्या तरी श्वासात जाणारी आहे. घरांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. खाणीचे मनोरे पाहून लगेच परतू नये. विहार, वाचनालये, बाबासाहेबांचे पुतळे यांची चौकशी करावी आणि वृद्धांजवळ बसावे. खाणीत उतरलेली शेवटची पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांच्या संमतीने, त्यांच्याच भाषेत त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. तमिळ जाणणाऱ्या मित्रांच्या मदतीने आपल्या मासिकात ते मराठीत आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. जुनी बौद्ध नियतकालिके जपणाऱ्या तेथील मंडळींना संगणकीय प्रतींसाठी आपल्या गटाने आर्थिक हातभार लावावा, हा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत ठेवू. आणि येत्या बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात एक व्याख्यान कुवेतमधील तमिळ आंबेडकरी बांधवांचे असावे. ते तमिळमध्येच व्हावे, आपण दुभाषी ठेवू.

शेवटी एक गोष्ट स्वतःच्या संसाराविषयी. कोलारच्या कामगारांनी काढलेले ८०० टन सोने कोठे गेले, याचा माग लागणे अशक्य आहे. त्यातले गुंजभरही त्यांच्या वस्त्यांत दिसत नाही. दिसते ते त्यांनी आठवड्याच्या मजुरीतून पैसा-पैसा काढून उभे केलेले. छापलेली पुस्तके, चालवलेल्या शाळा, बुद्धाचे नाव, ‘जय भीम’ म्हटल्यावर बाहेर येणाऱ्या खुर्च्या. आपल्या बचतीतून घर व्हावे, सोने व्हावे, मुलींचे शिक्षण व्हावे. यात गैर काहीच नाही. परंतु दर महिन्याच्या पगारातून काही भाग ग्रंथालयाला, विहाराला, एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या शुल्काला जातो का, हे प्रत्येक कुटुंबाने विचारावे. तेलाचे दिवसही मोजलेले आहेत. आपण परत जाऊ तेव्हा मिरकाबमध्ये आपली आठवण राहणार नाही, ते स्वाभाविकही आहे. मागे काय उभे केले, एवढेच आपल्या हाती आहे. खाणीच्या अंधारातून वर येऊन ज्यांनी दिवा लावला आणि पुस्तक उघडले, त्यांच्या दाराशी जाऊन हे शिकता येईल.

नमो बुद्धाय! जय भीम!